पाळी बदलताना



मला सभेत बोलण्याची सवय आहे, पण ती द्वारसभेची. कारखान्याच्या फाटकाबाहेर, एक पाळी सुटून दुसरी आत जाण्याच्या मधल्या वीस मिनिटांत बोलायचे. ऐकणारे उभे, आणि बोलणारा एखाद्या हातगाडीवर. तिथे वक्त्याने लांबण लावली तर लोक खोकत बसत नाहीत, सरळ सायकली काढतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव उन्हाळ्याच्या संध्याकाळी खुर्च्या मांडून शांतपणे ऐकण्याची ही चाल पडली. त्या शांततेची मला थोडी भीती वाटते. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पत्रिकेत नावापुढे पदवी छापायची जागा मोकळीच राहिली आहे, हे आपण पाहिलेच असेल.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'वय, वाचन आणि वेळ' असे सांगितले. त्यांची अपेक्षा बोनस, महागाई आणि किमान वेतनाची होती. माझे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मी त्यांना म्हटले, काळजी करू नका. मी वेळेविषयी बोलणार म्हणजे कामाच्या तासांविषयी बोलणारच. कामगार चळवळीत तीस-पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला वेळ म्हटली की तासच आठवतात.

प्रथम वयाचे सांगतो. मराठीने जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' हे नाव दिले ते मोठे मार्मिक आहे. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होत जाते आणि जवळची अक्षरे पुसट होऊ लागतात. पुस्तक हळूहळू डोळ्यांपासून दूर जाऊ लागते, आणि एक दिवस आपला हात अपुरा पडतो. माझा हात चव्वेचाळिसाव्या वर्षी अपुरा पडला. आता छप्पन्नावे संपत आले आहे. विणकराचे म्हातारपण मात्र डोळ्यांच्या आधी कानांत येते. तरुणपणी काही वर्षे मी धुळ्याला यंत्रमागावर होतो. त्या खडखडाटात माणसे ओठ पाहून बोलणे ओळखायला शिकतात. आजही माझ्याशी कोणी हळू बोलले की मी त्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि लोकांना वाटते की हा फार लक्ष देऊन ऐकतो आहे.

गेल्या दिवाळीत एक हिशेब मांडून बसलो. पंधरवड्याला एक पुस्तक धरले तर वर्षाची सव्वीस होतात. डोळे आणि डोके आणखी वीस वर्षे चालले, तर पाचशे वीस. म्हणजे साध्या गावच्या वाचनालयातली चार-पाच कपाटे. तरुणपणी मला वाटे, सगळे वाचून काढू. आता प्रत्येक पुस्तक उचलताना, याच्या जागी कोणते राहील, असा विचार येतो. श्रोतेहो, मजुरीचा हिशेब मी आयुष्यभर केला. पण हा हिशेब करताना हात जरा थबकला.

वेळ म्हणजे काय ते मी प्रथम वडिलांकडून शिकलो. ते फडाचे पाटकरी होते. आपल्या पांझरेवर, तसेच गिरणा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांची फडपद्धती आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, आणि एका फडात सगळ्यांचे मिळून एकच पीक. प्रत्येक बागाईतदाराची थोडी जमीन प्रत्येक फडात. म्हणून पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्याच्या माथी येत नसे. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या आणि सर्वांवर देखरेख करायला हवालदार. संघटनेवरची पुस्तके मी पुढे पुष्कळ वाचली, पण त्यांतला पहिला धडा मला या पाटावरच मिळाला होता.

वडिलांजवळ घड्याळ नव्हते. खांद्यावर फावडे, हातात कंदील. शुक्र कुठे आला, कृत्तिकांचा पुंजका कुठे गेला, यावर त्यांची रात्र चाले. मध्यरात्री ते एखाद्याच्या दाराशी उभे राहून हाक मारीत, "पायी उनी!" म्हणजे तुझी पाळी आली. आपल्या अहिराणीला 'ळ' चालत नाही. आपण डोळ्याला डोया म्हणतो, काळ्याला काया, तशी पाळीची पायी. हाक आली की माणसाने झोपेतून उठायचे, पाणी घ्यायचे आणि भिजवण झाली की पाणी पुढच्याला द्यायचे. पाळी आली तेव्हा जो उठला नाही, त्याच्यासाठी पाणी थांबून राहत नसे.

सतराव्या वर्षी मी धुळ्याला गेलो आणि तिथे मला पाळी हाच शब्द पुन्हा भेटला. सकाळी सात ते संध्याकाळी सात ही दिवसपाळी, आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात ही रात्रपाळी. मजुरी मीटरवर, म्हणून तास मोजायचे कारणच नाही असे मालक म्हणत.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आपल्या देशात पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्यात लहान मुलांच्या तासांना मर्यादा होती, मोठ्या माणसांच्या नव्हती. गिरण्यांना आठवड्याची सुट्टीसुद्धा नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. आज ज्या रविवारी आपण दुपारी वर्तमानपत्राची पुरवणी तोंडावर घेऊन झोपतो, तो रविवार असा मिळालेला आहे. त्यानंतर १९११ साली कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाचे बारा तास ठरले. १९२२ साली आठवड्याचे साठ, १९३४ साली चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीसच कायम केले. बारा तासांचे आठ व्हायला पस्तीस वर्षे लागली. म्हणजे जे तरुण त्या मागणीसाठी पहिल्यांदा उभे राहिले, त्यांना चाळिशी लागून गेल्यावर ती पुरी झाली.

आणि तरीही मी ज्या मागावर उभा होतो तिथे बारा तासच होते. बाराचे आठवड्याला बहात्तर. कायद्याच्या अठ्ठेचाळीसपेक्षा चोवीस जास्त. वर्षाचे बाराशे अठ्ठेचाळीस. अशी तीस वर्षे एखाद्याने काढली तर सदतीस हजार चारशे चाळीस तास. दिवस आणि रात्र मिळून हे सव्वाचार वर्षांच्या वर होतात. द्वारसभेत हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. लोक विचारीत, "एवढ्या तासांचे आम्ही केले काय असते?" मी म्हणे, "झोपला असतात, पोरांशी बोलला असतात, वाचले असते." शेवटच्या शब्दावर पुष्कळजण हसत. एक माणूस हसला नाही, आणि आज मला खरे तर त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांना ते आवडले नसते. मला माग चालवायला त्यांनी शिकवले. तुटलेला धागा कानाने कसा ओळखायचा, धोट्यातली कांडी संपत आली हे न पाहता कसे समजायचे, हे त्यांच्याकडचे ज्ञान. त्यांना उर्दू वाचता येई, मला नागरी. चहाच्या सुट्टीत मी मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि ते ऐकत. एक दिवस ते म्हणाले, "बेटा, सौदा करू. तू मला तुझी लिपी शिकव, मी तुला माझी शिकवतो."

चाचा तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि मी एकोणीस. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी आणली. आमच्या कारखान्याला सुट्टी जुम्म्याची असे; लोखंड्यांचा रविवार आमच्याकडे शुक्रवारी येई. त्या दिवशी नमाज आटोपून ते मला एस.टी. स्टँडवर घेऊन जात आणि गाड्यांच्या पाट्या वाचीत. साक्री लवकर जमले. नवापूर जमले. पिंपळनेरने मात्र फार छळले. त्यात 'ळ' आहे, आणि उर्दूत ते अक्षरच नाही. ते 'पिंपलनेर' म्हणत आणि स्वतःच हसत. आठ महिन्यांत चाचा वर्तमानपत्र वाचू लागले. मग मी त्यांना वाचनालयातून 'श्यामची आई' आणून दिली. आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. चाचांना ती संपवायला सहा महिने लागले. पुस्तक परत देताना एवढेच म्हणाले, "हा माणूस आमच्या मोहल्ल्यातही जन्मला असता."

सौद्यातला त्यांचा भाग असा पुरा झाला. माझा झाला नाही. मी युनियनच्या कामात पडलो होतो. चाचा विचारीत, "अलिफ-बे केव्हा सुरू करायचे?" मी म्हणे, बोनसचे मिटू द्या. मग कामगार न्यायालयाच्या तारखा होत्या, मग पावसाळा, मग मुंबईची परिषद. मी वाचत होतो, नाही असे नाही. अण्णाभाऊ साठे वाचले, नारायण सुर्वे वाचले, बाबुराव बागूल वाचले. १९४४ साली धुळ्याला साहित्य संमेलन भरले होते, त्याचे अध्यक्ष मामा वरेरकर; त्यांनी गिरणी कामगारांवर 'धावता धोटा' ही कादंबरी लिहिली आहे असे कळले, तेव्हा ती शोधत किती वाचनालये फिरलो! त्यासाठी वेळ होता. चाचांच्या पाटीसाठी मात्र अर्धा तास नव्हता. अशी वीस वर्षे गेली आणि २००९ साली चाचा वारले.

पुढे काही दिवसांनी त्यांच्या मुलाने मला एक वही आणून दिली. चौसष्ट पानी, शाळेची असते तशी. "अब्बांनी तुमच्यासाठी ठेवली होती," म्हणाला. मी उघडली. सगळी उर्दूत. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता आली असती, पण ते बरोबर वाटले नाही. सौदा मी शिकण्याचा होता. मी ती पेटीत ठेवली आणि पुन्हा एकदा स्वतःला म्हटले, सवड झाली की पाहू. ही सवड व्हायला पंधरा वर्षे लागली.

गेल्या वर्षी मी युनियनचे चिटणीसपद सोडले. नव्या चिटणीस एकतीस वर्षांच्या आहेत. ज्या अर्जासाठी मी दोन दिवस कार्बनपेपर लावून बसे, तो त्या मोबाईलवर पंधरा मिनिटांत करतात. पहिल्या महिन्यात मी रोज कार्यालयात जाऊन बसे आणि कोणी काही विचारील म्हणून वाट पाही. कोणी विचारले नाही, कारण विचारण्यासारखे फारसे उरले नव्हते. ते जरा लागले. एका दुपारी घरी येऊन पेटी उघडली आणि ती वही बाहेर काढली.

आता मी चाचांच्या नातीकडे उर्दू शिकतो. ती नववीत आहे. मी नववीतूनच शाळा सोडली होती, तेव्हा आम्ही एकाच इयत्तेचे आहोत असे मी तिला सांगतो. तिला ते पटत नाही. ती मला काका म्हणते, आणि माझा 'जीम' उलटा वळला की लाल पेन घेते. पहिल्या दिवशी माझा हात अक्षरशः थरथरला. आणि त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, जी मी वीस वर्षे स्वतःपासून लपवली होती. वेळ नव्हता हे खरे नव्हते. मला लाज वाटत होती. फाटकावर लोक मला 'वाचलेला माणूस' म्हणत. त्या माणसाने पाटी घेऊन पहिलीच्या पोरासारखे अलिफ काढायचे, हे मला नको होते. चाचांनी बावन्नाव्या वर्षी, सगळ्या खात्यासमोर, एकोणीस वर्षांच्या पोरापुढे पाटी धरली होती. त्यांना त्यासाठी काय गिळावे लागले असेल, हे कळायला मला छप्पन्नावे वर्ष लागले.

उर्दू वही आपल्या उलट बाजूने सुरू होते. मी पंधरा वर्षे जे शेवटचे पान समजत होतो ते पहिले निघाले. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, जेर, जबर, पेश, बहुधा लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने अंदाजाने भरायच्या. सुरुवातीला मी आकडे तेवढे लावले. आठवड्याचे मीटर, घेतलेली उचल, दुकानदाराची उधारी. मग तिसऱ्या पानावर एक शब्द वाचला, 'पाली'. मला वाटले, चाचांनी भिंतीवरच्या पालींविषयी काही लिहिले आहे. पुढचा शब्द 'पगार' निघाला, त्यापुढचा 'पाऊस'. तेव्हा उजेड पडला. ते मराठी शब्द होते! मी शिकवलेले शब्द त्यांनी आपल्या लिपीत टिपून ठेवले होते, आणि 'ळ' नसल्यामुळे पाळीची पाली झाली होती. पुस्तकातली पाळी, माझ्या वडिलांची पायी आणि चाचांची पाली. त्या दुपारी मी बराच वेळ एकटाच हसत बसलो.

हसण्याचे दिवस फार टिकले नाहीत. सतराव्या पानावर अकरा दिवस मीटरच्या जागी शून्य आहे. शेजारी 'संप' हा शब्द आहे. तो संप मी केला होता. मीटरमागे पाच पैसे वाढवून मिळाले आणि द्वारसभेत मला हार घातला गेला. हारानंतर मी जे भाषण केले त्यात 'अकरा दिवसांचा त्याग' असे शब्द होते. चाचांच्या वहीत त्याच अकरा दिवसांत, एकाखाली एक, विकलेल्या वस्तूंची नावे आणि आलेली रक्कम आहे. घरच्यांची चांदीची कडी, शिलाई यंत्र, दोन पातेली. शिलाई यंत्रावर त्यांच्या घरच्या बाई पोलकी शिवून देत असत. ते पुढे कुठल्या पानावर परत घेतल्याचे अजून तरी मला सापडलेले नाही. चाचा त्या वेळी माझ्याशी याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्याही संपात ते पहिल्या रांगेत होते.

संप चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. ते पाच पैसे मिळवायलाच हवे होते. पण त्यांची किंमत कोणी, किती दिली, हे मला माहीत असायला हवे होते. मी सौदा पाळला असता तर ही वही त्यांनी मला तेव्हाच दाखवली असती, आणि मला त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द तरी बोलता आले असते. आता वाचतो आहे, पण ज्याच्याशी बोलायचे तो नाही.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यालाच गेले, आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ निघाले. गावोगाव फिरून त्यांनी घराघरांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. त्या इमारतीवरून मी कितीतरी मोर्चे नेले. मला वाटे, आतली दफ्तरे सरदारांची आणि पेशव्यांची. आपला त्यांच्याशी काय संबंध? आज वाटते, मीटर आणि उचल यांची ही चौसष्ट पानेसुद्धा एक दफ्तरच आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे काहीतरी असेल: आजोबांची फडाची वही, आईची भिशीची वही, मोडीतला एखादा कागद. आपल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते; त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून त्या गेल्यानंतर, १९५२ साली, ती महाराष्ट्राला मिळाली. टिपणारे तेव्हा म्हणाले असते, पुढच्या वर्षी पाहू, तर आपल्या खानदेशाजवळ आज काय राहिले असते?

मंडळी, पन्नाशीनंतर वनात जावे असे जुने लोक सांगत. कामगाराला ते कधी परवडले नाही. भविष्यनिधीच्या योजनेत त्याचे निवृत्तीचे वय अठ्ठावन्न, आणि २०१४ साली त्याचे किमान निवृत्तिवेतन ठरले महिना हजार रुपये. मागावरच्या बहुतेकांचे तर नावच त्या कागदात नाही. म्हातारपणी निवांत वाचत बसण्याचे चित्र हे थोड्यांच्या नशिबातले आहे, हे मी विसरलेलो नाही, आणि तासांसाठीचे भांडण नव्या चिटणीसबाई माझ्यापेक्षा चांगले भांडत आहेत. परंतु ज्यांना रोज अर्धा तास खरोखर मिळतो, त्यांना मी आज फाटकावरच्याइतक्याच कळकळीने सांगतो: तो तास कोणाच्या तरी उपवासातून आला आहे. त्याला सवड म्हणून पेटीत ठेवू नका. आणि जे शिकायला लाज वाटते, ते आधी शिका.

माझे वडील शेवटच्या आजारात रात्री उठून बसत आणि पाणी कुठपर्यंत गेले ते विचारीत. पाट तेव्हा त्यांच्या हाती राहिला नव्हता. आम्ही सांगत असू, शेवटच्या फडाला पोहोचले. ते ऐकून ते आडवे होत.

वहीची तेवीस पाने झाली, एक्केचाळीस राहिली आहेत. चोविसाव्या पानावर एक शब्द अडला आहे. खुणा नसल्यामुळे तो दोन-तीन तऱ्हांनी लागतो आणि त्यांपैकी एक माझे नाव आहे. उद्या सकाळच्या गाडीने धुळ्याला जाऊन बाईंना विचारणार आहे. त्यांची शाळा साडेबाराची, म्हणून लवकर निघायला हवे.